चकती क्रमांक सहा

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, कामशेत फाट्यावर नवलाख उंबऱ्याच्या बसची वाट बघत असताना, तू खाली कोसळलास. सात पन्नासला तळेगावच्या डॉक्टरांनी तू गेल्याचं सांगितलं. त्याला आज बावीस दिवस झाले, अंकुश.

तुझी बातमी मी दिली नाही. तुझ्याबद्दल पुन्हा काही छापणार नाही, असं मी एकदा कबूल केलं होतं. हा मजकूर लिहिण्याआधी वडिवळ्याला जाऊन तुझ्या बायकोला, सविताला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिवा भावजी. पण नसलेलं लिवू नका." त्या अटीवर लिहितो आहे.

माझे वडील कामशेत स्टेशनवर नोकरीला होते आणि तू वडिवळ्याहून सायकलवर शाळेत यायचास. आपण एका बाकावर बसायचो. पुढे मी पुण्याच्या वर्तमानपत्राचा लोणावळ्यातला बातमीदार झालो आणि तू भट्टीत भुकटी भाजणारा शास्त्रज्ञ. 'भुकटी भाजणारा' हे तुझेच शब्द. व्हिजिटिंग कार्डावर दुसरं काहीतरी लांबलचक होतं.

तू काय करतोस हे समजायला मला दोन वर्षं लागली. अजूनही पूर्ण समजलं आहे असं म्हणत नाही. नवलाख उंबऱ्याच्या त्या प्रयोगशाळेत तू मला पहिल्यांदा नेलंस तेव्हा टेबलावर एका बाटलीत पांढरी भुकटी होती. मी म्हटलं, तांदळाचं पीठ. तू म्हणालास, "पीठच आहे. फक्त याची भाकरी काचेची व्हायला पाहिजे."

मग तू समजावलंस. मूळ पदार्थ कॅल्शियम फ्लोराइड. त्यात दोन दुर्मिळ धातूंची फ्लोराइडं, चिमूटभर. ही भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात भरायची, साचा भट्टीत ठेवायचा, पंपाने भट्टीतली हवा काढून टाकायची, हळूहळू तापवायचं आणि शेवटी वरून दाब द्यायचा. कण एकमेकांना चिकटतात. मध्ये कुठेही पोकळी किंवा घाण राहिली नाही, तर आरपार दिसणारी चकती निघते. राहिली, तर दुधी. दुधी चकत्या तू एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचास आणि नव्या माणसाला डबा उघडून दाखवत पेढा घ्या म्हणायचास.

मी विचारलं होतं, काच असताना ही उठाठेव कशाला. साध्या काचेतून उष्णतेचे किरण जात नाहीत, तू सांगितलंस. या चकतीतून ते जातात. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या अलीकडचे जातात आणि पलीकडचेही जातात. हाच पदार्थ स्फटिक म्हणून वाढवता येतो, पण त्याला आठवडे लागतात आणि तो ठरलेल्या थरांवर सहज फुटतो. दाबून केलेली चकती त्याहून चिवट, आणि तिला हवा तो आकार देता येतो. दोषही तू तितक्याच मन लावून सांगितलेस. ओरखडे लगेच पडतात. गरम असताना गार हवेची झुळूक लागली तरी तडकते. आणि पाणी तिचं वैरी. भुकटीच्या कणांना चिकटलेला जरासा दमट थर राहिला, तरी तापल्यावर त्यातला ऑक्सिजन आत घुसतो आणि चकती दुधी होते. मावळातल्या हवेत हे काम करायचं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर तू भट्टीत काही ठेवायचासच नाहीस.

उपयोगांबद्दल तू सावध असायचास. एकदा मी घाटात उलटलेल्या टँकरची बातमी करून आलो होतो. पोलिसांनी आम्हाला कुठे अडवलं, टँकरमध्ये काय आहे हे किती वेळाने कळलं, ते तू खोदून विचारत राहिलास. मग म्हणालास की उष्णतेच्या किरणांत प्रत्येक वायूची आपली खूण दिसते. अशा चकतीची खिडकी लावलेलं यंत्र असेल तर कोणता वायू गळतोय ते लांबूनच ओळखता येईल. मी पेन काढलं. तू लगेच म्हणालास, "शक्य आहे. एवढंच लिही. होईल असं लिहू नको."

त्यानंतर घाटात टँकर उलटल्याची बातमी कळली की तुझा फोन यायचा. वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभा आहेस? चार वेळा आला. चारही वेळा मी जागा बदलली. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणतो आहे.

आता खंडेनवमीबद्दल. हा भाग मी वहीतून उतरवून घेतला आहे, आठवणीतून नाही.

अडीच वर्षांपूर्वीची अश्विनातली नवमी. तुमच्या प्रयोगशाळेत सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजा करतात, हे तू मला सांगितलं होतंस. लेसरच्या यंत्राला झेंडूचा हार, यावर एक हलकाफुलका मजकूर होईल म्हणून मी आलो. तू नव्हतास. वडिवळ्याच्या घरी नांगर, कोयते, विळे यांची पूजा थोरल्या मुलाच्या हातून होते, म्हणून आदल्या संध्याकाळी भट्टी भरून, पंप सुरू करून, तापवण्याचं वेळापत्रक बबनआबांच्या हाती देऊन तू गेला होतास. सुदुंबऱ्याचे बबनआबा तुमच्या भट्टीवर अठरा वर्षं होते. त्या दिवशी तिथला सगळा कारभार त्यांचा होता.

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. आबांनी भट्टीलाही तोच नियम लावला. मी वहीत लिहिलं आहे: "दहा चाळीस. आबांनी तापवणं बंद केलं. काटा दोनशे दहावर. पंप चालूच." पंप का चालू, असं मी विचारलं. आबा म्हणाले, साहेबांनी सांगितलंय, काही झालं तरी पंप बंद करायचा नाही, आत हवा शिरते. मग घरघरणाऱ्या पंपाला त्यांनी तसंच हळदकुंकू लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला सुट्टी न्हाई. पत्रकारावानी." सगळे हसले. मी तेही लिहून घेतलं.

भट्टीचं रजिस्टर पाटावर पूजेत होतं, त्यावर झेंडूचं फूल आणि पेन. त्या दिवशी त्यात कुणी काही लिहिणार नव्हतं. त्या इमारतीत त्या दिवशी लिहिणारा मी एकटाच होतो. वहीतली शेवटची ओळ आहे: "भट्टी आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत सुरू."

माझा मजकूर छापला गेला नाही. त्या पानावर जाहिरात आली.

तू दसऱ्यानंतर दोन दिवसांनी परत येणार होतास, पण घरी तापाने पडलास. आलास तेव्हा भट्टी निवली होती. उघडलीस तर आत चकती क्रमांक सहा, आणि ती आरपार होती.

ती घेऊन तू लोणावळ्याला माझ्या घरी आलास. जेवणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीबरोबर गुंडाळलेली. टेबलावर त्या दिवशीचा अंक पसरला होता, त्याच्या एका मजकुरावर तू ती ठेवलीस. सगळ्यात बारीक टायपातल्या ओळीही स्पष्ट वाचता आल्या. खिशातून टॉर्चसारखं काहीतरी काढून तू चकतीवर रोखलंस. त्यातून उजेड पडलेला दिसत नव्हता, पण चकतीच्या आत एक हिरवा ठिपका उमटला. "न दिसणारा उजेड आत जातो आणि दिसणारा होऊन येतो," तू म्हणालास, आणि पुढचा अर्धा तास तो ठिपका माझ्या आईला, बायकोला, शेजाऱ्यांना दाखवत राहिलास. तुला इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

जाताना मी विचारलं, जमलं म्हणायचं का? तू म्हणालास, "एकदा झालं ते नुसतं घडलं. दुसऱ्यांदा झालं तर मी केलं म्हणेन."

महिन्याभराने मी बातमी केली. तू त्यासाठी मला पाऊण तास दिला होतास. त्यात एका वाक्यात म्हणाला होतास की डॉक्टर शस्त्रक्रियेला लेसर वापरतात, तशा लेसरमध्ये पुढेमागे असा पदार्थ वापरणं शक्य आहे. छापून आलं ते असं: मावळच्या शास्त्रज्ञाने बनवली कॅन्सरवर मात करणारी काच.

बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी वडिवळ्याजवळच्या धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवरून एक माणूस चालत तुझ्या घरी आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बायकोचे रिपोर्ट होते. तू त्याला बसवलंस, चहा दिलास, ही काच औषध नाही हे दोन-तीन प्रकारे सांगितलंस. मग मला फोन केलास. शिव्या दिल्या नाहीस. तो माणूस जे म्हणाला ते फक्त सांगितलंस. तो म्हणाला होता, "पेपरात आलंय ना भाऊ. मंग खोटं कसं आसंल?"

तू म्हणालास, "याला काय सांगू, ते तू मला सांग." मी म्हणालो की मी 'शक्यता' लिहिलं होतं, ते पुण्यात संपादकीय डेस्कवर काढलं गेलं, मथळाही तिकडचाच. तुझ्याबद्दल पुन्हा काही छापणार नाही, असं कबूल केलं ते त्याच फोनवर.

मथळा डेस्कचा होता, हे खरं. 'शक्यता' मी काढली होती. वाक्य लांब होत होतं. हे मी तुला सांगितलं नाही. भेटून सांगू म्हणत दोन वर्षं गेली. वाडीवरच्या त्या माणसाची बायको त्याच वर्षी गेली, हे मला सविताकडून कळलं. तू मला तेही कळवलं नव्हतंस.

आपला अबोला धरलेला असा नव्हता. लग्नकार्यात भेटलो तर बोलायचो. मुलांच्या शाळा, एक्स्प्रेसवेची कोंडी, पाऊस किती झाला. तुझ्या कामाबद्दल मी विचारायचो नाही आणि तू सांगायचा नाहीस. त्या दोन वर्षांत तू सातव्या चकतीपासून बाविसाव्यापर्यंत पोचलास. सोळाच्या सोळा दुधी. ही संख्याही मला तुझ्याकडून नाही, नंतर कळली.

गेल्या गणपतीच्या आधी, एका संध्याकाळी सव्वासहाला, तुझा फोन आला होता. माझी बातमी पाठवायची वेळ. तू विचारलंस, "जुन्या वह्या ठेवतोस का रे तू?" मी म्हटलं, "ठेवतो. पण तुझ्यावर काही लिहायचं नाही ना मला." "बरं," म्हणालास. फोन एक्केचाळीस सेकंदांचा होता. मी नंतर यादीत पाहिलं. तुला खंडेनवमीबद्दल विचारायचं होतं की दुसरंच काही, हे मला माहीत नाही. कळण्याचा मार्गही नाही. सविताला विचारलं, तिला असा फोन केल्याचंच ठाऊक नव्हतं. मी त्यानंतर तुला फोन केला नाही.

तुझ्या दहाव्याला, बुधवारी, इंद्रायणीच्या काठावर तुमच्या प्रयोगशाळेतली रेश्मा भेटली. चार वर्षं ती तुझ्या हाताखाली काम करत होती, तुला 'सर' म्हणते आणि अजून तुझ्याबद्दल वर्तमानकाळात बोलते. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उन्हात उभे होते. तिने हळू आवाजात सांगितलं की प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपते. मुदतवाढ हवी तर सहासारखी दुसरी चकती दाखवा, असं वरच्या समितीने लिहून कळवलं आहे. भट्टीची एकच पाळी उरली आहे. दुसरी चकती झाली नाही, तर तुझं सहा वर्षांचं काम 'पुन्हा करता न आलेला निष्कर्ष' या शेऱ्याने बंद होईल. त्या शेऱ्याची तू धास्ती घेतली होतीस, असं ती म्हणाली.

सहाव्या वेळी वेगळं काय झालं होतं, असं मी विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. सरांनी रजिस्टर शंभर वेळा वाचलं. प्रत्येक ओळीत 'वरीलप्रमाणे' आहे. अश्विनातला तो आठवडा होता, सर घरी होते, मीही रजेवर.

मला खंडेनवमीची वही आठवली, पण ते तिला सांगितलं नाही. खात्री नव्हती. घरी आलो, गुरुवारी सकाळी माळ्यावरून वह्या काढल्या आणि ते पान सापडलं. पाचव्या मिनिटाला सापडलं. अडीच वर्षं ते माझ्या डोक्यावर, जेवणाच्या टेबलापासून सात फुटांवर होतं. ज्या टेबलावर तू चकती ठेवलीस, तेच टेबल.

शुक्रवारी सकाळी रेश्माला घेऊन सुदुंबऱ्याला गेलो. बबनआबा निवृत्त झाले आहेत, गोठ्यासमोर बसले होते. तू गेल्याचं त्यांना माहीत होतं. गुडघ्यांमुळे येता आलं नाही याची चुटपुट त्यांनी दोनदा बोलून दाखवली. मी वहीतलं वाचून दाखवलं. व्हय, म्हणाले, आसंच झालतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भट्टी दोनशे दहाच्या पुढे चालू केली, पुढचं सगळं तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे. मधल्या दोन दिवसांच्या ओळी रजिस्टरात कोऱ्या दिसत होत्या. कोऱ्या ओळी साहेबांना आवडत नाहीत, म्हणून त्यांनी 'वरीलप्रमाणे' लिहून त्या भरल्या.

रेश्मा म्हणाली, "आबा, सरांना सांगितलं का नाही?"

आबा म्हणाले, "त्यांनी इचारलं, भट्टी नीट चालली का. मी म्हनलं, व्हय. नीटच चालली की. इसावा दिला म्हंजे बिघडली का, पोरी?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन तुमाला ठाऊक हुतं. तुमी तर लिवून घेतलतं."



रेश्माने गोठ्यासमोरच कागद काढून गणित मांडलं. तिचं म्हणणं असं: दोन दिवस भट्टी दोनशे दहापासून हळूहळू निवत राहिली आणि पंप आतलं सगळं खेचत राहिला. भुकटीच्या कणांना चिकटलेली ओल त्यात निघून गेली असेल. तुझ्या वेळापत्रकात त्या टप्प्याला तीन तास होते. तीन तास आणि सेहेचाळीस तास. मी विचारलं, म्हणजे हेच कारण? ती म्हणाली, "शक्य आहे." मग कागदावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो शब्द तुझ्या आवाजात आल्याचं तिलाही जाणवलं असावं.

आबा उठले, काठी शोधली आणि आमच्याबरोबर गाडीत येऊन बसले. हाताला ठाऊक आहे, म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी त्या दोघांनी मिळून भट्टी भरली. भुकटीची बाटली कलती करून काचेला काही चिकटतं का ते आबांनी पाहिलं. ही सवय तुझी की त्यांची, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मला साडेदहाला बोलावणं आलं. आत गेलो तर टेबलावर नारळ, हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मार्चमध्ये. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा कोरा होता. रेश्मा त्यांना सांगत होती की कोणत्या गोष्टीमुळे ती चकती झाली हे आपल्याला माहीत नाही, त्यामुळे त्या दिवशी झालेली एकही गोष्ट गाळायची नाही. नारळ कुठे फोडला होता, पाणी किती उडालं, दार किती वेळ उघडं होतं, हे ती माझ्या वहीवरून विचारत होती. मी जिथे उभा होतो तिथेच उभं राहायला तिने सांगितलं. "तुमच्या श्वासाची ओलसुद्धा मोजणीत धरायला पाहिजे," ती म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. मॅडमनी क्षणभर विचार केला, चपला काढल्या आणि आत आल्या.

दहा चाळीसला आबांनी तापवणं बंद केलं. काटा दोनशे दहावर होता. मग त्यांनी पंपाला हळदकुंकू लावलं. आणि नुसते पंपावर हात ठेवून थांबले.

एकच गोष्ट या वेळी वेगळी केली. रजिस्टर पूजेत ठेवलं नाही. दर तासाला रेश्माने त्यात काटा लिहिला.

त्या दोन दिवसांत मी तिथे चार वेळा गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं. पंपाचा आवाज ऐकत बाकावर बसायचो. मला जे येतं ते म्हणजे काय घडलं ते लिहिणं, आणि ते मी अडीच वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. नेमकं, वेळेसकट. ते तुझ्यापर्यंत पोचवायचं तेवढं राहिलं. रविवारी दुपारी सविता डबा घेऊन आली. तू सहा वर्षं जिथे जात होतास ती जागा तिने पहिल्यांदा पाहिली. भट्टीकडे बघून म्हणाली, एवढीशीच आहे? मला वाटलं होतं, विटांच्या भट्टीएवढी असेल. मग माझ्या शेजारी बसली. तासभर पंपाचा आवाज ऐकत राहिली. निघताना तिने विचारलं की हे जमलं तर ते कुणी केलं म्हणायचं. मी म्हटलं, अंकुशने. ती म्हणाली, "ते हायेत कुटं?"

सोमवारी सकाळी पावणेनऊला भट्टी पुन्हा सुरू केली. मंगळवारी दाब दिला. त्यानंतर तीन दिवस निवायला. घाई केली असती तर तडकली असती, म्हणून कुणी केली नाही.

शुक्रवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी भट्टी उघडली. चकती अखंड निघाली. एका कडेला नखाएवढा दुधी पट्टा आहे, बाकी आरपार. रेश्माने ती रजिस्टरच्या पानावर ठेवली. खालची अक्षरं वाचता येत होती. मोजमापाच्या यंत्रावरच्या आलेखात तिची आणि सहाव्या चकतीची रेघ एकमेकींच्या अगदी जवळून गेली. आबा खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, "साहेबाची झाली का?" रेश्मा हो म्हणाली. तिने रजिस्टरात क्रमांक तेवीस लिहिला.

शनिवारी सकाळी टपाल आलं. मुदत संपत असल्याने आणि निष्कर्ष पुन्हा मिळवता न आल्याने प्रकल्प बंद करण्यात येत आहे, असं पत्र. सही गुरुवारची आहे.

मॅडमनी लगेच फोन केला, मोजमापाचे कागद पाठवले. सोमवारी उत्तर आलं. बंद झालेला प्रकल्प पुन्हा उघडता येत नाही, नव्याने अर्ज करा. अर्जाचा विचार होईल. अर्जात मुख्य संशोधकाचं नाव लागतं आणि ती व्यक्ती हयात असावी लागते.

रेश्मा अर्ज भरते आहे. मॅडमनी तिला स्वतःचं नाव घालायला सांगितलं आहे. आज मंगळवार. दुपारी चार वाजेपर्यंत तरी नावाचा तो रकाना रिकामा आहे.